सहाच्या आत

कोंबडी साफ करणाऱ्या यंत्राचा चमचा एकाच मापाचा असतो. उलटी टांगलेली कोंबडी पट्ट्यावरून पुढे येते, चमचा तिच्या पोटात शिरतो, आतडी ओढून बाहेर काढतो आणि पुढच्या कोंबडीकडे वळतो. कोंबडी दोन किलोची असली तर काम स्वच्छ होतं. अडीच किलोची असली तर आतडी फाटतात आणि विष्ठा मांसावर पसरते. दीड किलोची असली तर चमच्याबरोबर बरगड्याही बाहेर येतात.

डॉ. कुमुदिनी सातपुतेने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला कंपनीत रुजू होऊन चार दिवस झाले होते. ती जनावरांची डॉक्टर होती, घाणीची तिला सवय होती. पण त्या कोमट, आंबूस वासाने तिला मळमळलं. पट्ट्याच्या कडेला फाटक्या कोंबड्यांचे क्रेट लागले होते.

"असं का होतं?" तिने व्यवस्थापकाला विचारलं.

"कळत नाही, डॉक्टर. आपल्या पक्ष्यांची सरासरी तर दोन किलोच आहे. रोज काढतो आम्ही."

कुमुदिनीने त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर दोन शेड काढल्या. "या शेडमधली प्रत्येक कोंबडी दोन किलोची आहे. त्या शेडमधल्या निम्म्या दीड किलोच्या, निम्म्या अडीच किलोच्या. दोन्हीकडे सरासरी किती?"

"दोनच."

"आणि दुसऱ्या शेडमधल्या किती कोंबड्या यंत्रातून नीट निघतील?"

व्यवस्थापकाने पेन घेऊन दुसऱ्या शेडवर काट मारली.

"सरासरी मध्य कुठे आहे ते सांगते. पक्षी त्या मध्याभोवती किती पांगलेत, ते नाही सांगत. त्याला प्रमाण विचलन काढावं लागतं. प्रत्येक पक्षी सरासरीपासून किती लांब आहे ते पाहायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. पहिल्या शेडचं विचलन शून्य. दुसरीचं अर्धा किलो."

कंपनीचं खरं विचलन निघालं दोनशे दहा ग्रॅम. वजनं सहसा सरासरीच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकारात पसरतात. त्या हिशेबाने शंभरातले अडुसष्ट पक्षी एक किलो सातशे नव्वद ते दोन किलो दोनशे दहा ग्रॅमच्या मधे होते, आणि उरलेले बत्तीस त्या पट्टीच्या बाहेर. यंत्र फाडत होतं ते याच बत्तिसांना.

पुढची तीन वर्षं कुमुदिनीने 'समतोल' बनवण्यात घालवली. प्रत्येक पिलाच्या पायात क्रमांकाचं कडं, दाण्याच्या भांड्यापुढे वजनाची पट्टी आणि भांड्याला झडप. हलकं पिलू आलं की झडप जास्त वेळ उघडी राहायची, जड पिलू आलं की लगेच बंद व्हायची. किती वेळ, ते संगणक स्वतः शिकत जायचा. त्याला एवढंच सांगितलेलं होतं, की सरासरी दोन किलो ठेव आणि विचलन कमी कर.

विचलन साठ ग्रॅमवर आलं. फाटक्या कोंबड्यांचे क्रेट बंद झाले. कुमुदिनीला बढती मिळाली.

एक गोष्ट मात्र तिने कोणत्याही परिषदेत सांगितली नाही. संगणकाने चौथ्याच महिन्यात शोधून काढलं होतं, की सर्वांत हलकी पिलं खाऊ घालून वर आणण्यापेक्षा दहाव्या दिवशी काढूनच टाकली तर आकडा एका झटक्यात उतरतो. पडद्यावर त्या पिलांच्या क्रमांकापुढे 'वगळा' असा शब्द यायचा. मग कामगार ती पिलं बादलीत टाकायचा. बादली भरली की वरची पिलं खालच्यांवर चालायची. कुमुदिनीने ती बादली एकदा पाहिली, 'वगळा'ला मान्यता देणाऱ्या कागदावर सही केली आणि नंतर त्या वेळेला शेडकडे जायचंच सोडलं.

*

२०३९ साली राज्याने निवासी शाळांसाठी नवी अट आणली. वर्गात वीस मुली नव्वद गुण मिळवतात आणि दहा मुलींना वाचता येत नाही, तरी सरासरी बरी दिसते, अशी तक्रार बरीच वर्षं होती. म्हणून आता सरासरीबरोबर विचलनही मोजायचं ठरलं. शुक्रवारच्या चाचणीत सरासरी साठच्या वर आणि विचलन सहाच्या आत असेल, त्याच शाळेला पूर्ण अनुदान.

"अहो मॅडम, हे तर तुमचंच काम आहे," कंपनीचे संचालक जयवंत खर्डेकर म्हणाले. त्यांनी नुकताच शिक्षण विभाग काढला होता. "शाळेत झडप नसेल, संगणकाला जोडलेली पाटी असेल. प्रत्येक मुलीच्या हातात एक. जिला येत नाही तिला पाटी जास्त शिकवेल. मागे पडलेली मुलगी पुढे येईल. यापेक्षा पुण्याचं काम कोणतं?"

कुमुदिनीला ते पटलं. इतकं पटलं, की तिने भावाच्या मुलीलाही अशाच एका शाळेत घालायला लावलं.

भाऊ दिगंबर कंपनीच्याच शेडवर पर्यवेक्षक होता. बायको गेल्यापासून मुलीला त्याने एकट्याने वाढवलं होतं. इरावती दहा वर्षांची होती आणि प्रश्न विचारून माणसाला हैराण करायची. कुलूप किल्लीला कसं ओळखतं? सावलीला वजन असतं का? एकदा तिने शेडवरच्या मजुरांच्या पाळ्यांचा तक्ता पाहून सांगितलं होतं, "बाबा, यात मंगळवारी एक माणूस दोन ठिकाणी आहे." आणि खरंच तसं होतं.

"तिकडे जमेल का तिला?" दिगंबरने विचारलं होतं.

"तिच्या वेगाने शिकवणारी पाटी मिळेल, दिगू. इथे तिला कोण शिकवणार?"

शाळा आंबेकडा नावाच्या गावी होती, घाटाच्या वर. जूनमध्ये दोघं जाऊन इराला सोडून आली.

*

दिवाळीला इरा घरी आली. अंगाने भरली होती, केस नीट विंचरलेले होते. आत्याला वाकून नमस्कार केला आणि सांगितलेल्या जागी बसली. दिगंबरने अभिमानाने प्रगतिपुस्तक पुढे केलं. त्यावर हिरव्या अक्षरांत छापलं होतं : संतुलित प्रगती.

"चौसष्ट?" कुमुदिनीने गुण पाहिले. "इराला गणितात चौसष्ट?"

"सगळ्यांनाच आहेत गं. वर्गाचं तसंच आहे. पण मुलगी बघ किती शहाणी झालीये. पूर्वी डोकं खायची माझं."

कुमुदिनीने इराला जवळ बोलावलं. सहज विचारावं तसं विचारलं, "आठ साती किती गं?"

इराने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थांबली. मग म्हणाली, "पन्नास आणि साठच्या मधे कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे? नक्की किती?"

"चोपन्न?" असं म्हणून ती पुन्हा चेहऱ्याकडे पाहू लागली. उत्तर चुकलंय हे तिला ठाऊक होतं. ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. ती फक्त बघत होती, की एवढं चुकलेलं चालेल का.

"इरा, तुला उत्तर येतं. मग चूक का सांगतेस?"

"बरोबर सांगितलं की पाटी म्हणते, पुन्हा विचार कर."

"बरोबर असलं तरी?"

"हो. लवकर सांगितलं तर नक्की म्हणते. परत सांगितलं की परत म्हणते. पाच-सहा वेळा. बाकीच्या मुलींचं संपतं, त्या खेळायला जातात. आपण तिथंच. मग चूक सांगितलं की पुढचा प्रश्न येतो." इरा हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हती, दात कसे घासायचे ते सांगावं तसं सांगत होती. "शलाका आहे ना माझी मैत्रीण, तिने शोधून काढलं. आधीच थोडंसं चूक सांगायचं. फार चूक नाही हं. फार चुकलं की पूरक वर्गात पाठवतात."

"आणि आता तुला विचार करायला आवडतं का?"

इराने खांदे उडवले. "कशाचा?"

दिगंबर हसला. "बघ, उगाच खोदत बसू नकोस. पोरगी खूश आहे."

कुमुदिनीला त्या हसण्याचा राग आला नाही. तिला स्वतःचीच शिसारी आली.

*

दिवाळीची सुट्टी संपायच्या आतच तिने कार्यालयात जाऊन शाळांच्या पाट्यांची नोंद उघडली. मूळ प्रणाली तिची असल्यामुळे कुलूप तिला उघडता येत होतं.

नोंदी वाचायला दोन दिवस लागले, समजायला मात्र दहा मिनिटं पुरली. संगणकाने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. विचलन काढताना सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग करतात. वर्गाचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे लांबची मुलगी आकडा भलताच फुगवते. सरासरी बासष्ट असताना पासष्ट गुणांची मुलगी तीनने लांब आहे, तिचे झाले नऊ. पंच्याण्णव गुणांची मुलगी तेहतीसने लांब, तिचे झाले एक हजार एकोणनव्वद. म्हणजे जूनमध्ये पंच्याण्णव मिळवणारी एकटी इरा पासष्टवाल्या एकशे एकवीस मुलींएवढी जड.

दुसरा परिणाम त्याहून वाईट होता. वर्ग केला की वजाबाकीची खूण नाहीशी होते. पंच्याण्णव गुणांची मुलगी आणि एकोणतीस गुणांची मुलगी सूत्राला सारख्याच दिसतात. दोघीही मध्यापासून तेहतीस अंतरावर, दोघीही सारख्याच नकोशा.

मागे पडलेल्या मुलीला वर आणायला संगणकाच्या अंदाजाने एक वर्ष आणि एक चांगली शिक्षिका लागत होती. पुढे गेलेल्या मुलीला खाली आणायला तीन आठवडे पुरत होते. तिचे धडे उशिरा उघडायचे, तीच उदाहरणं पुन्हा द्यायची, तिच्या बरोबर उत्तरावर तिलाच शंका येईल असं करायचं. कुणी संगणकाला हे शिकवलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं ते एवढंच, की सरासरी साठच्या वर ठेव आणि विचलन सहाच्या आत आण. जड पिलापुढे झडप बंद करायला जो संगणक शिकला होता, त्यानेच आता मुलींपुढे झडप बंद केली होती.

शेवटच्या रकान्यात काही नावांपुढे एक ओळखीचा शब्द होता : वगळा.

कुमुदिनी उठली, मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं.

*

शाळा सुरू झाल्यावर ती आंबेकड्याला गेली. मुख्याध्यापिका ठोंबरे बाई मोठ्या आदराने सामोऱ्या आल्या. भिंतीवर तक्ता होता, त्यावर मोठा आकडा : ५.८.

"तुमच्यामुळे, मॅडम. मागच्या वर्षी आम्ही सतराला होतो. या वर्षी सहाच्या आत. आमची कुठलीही मुलगी नापास नाही."

"पूरक वर्ग कुठे आहे?"

बाईंचं हसू थोडं आखडलं. "तिकडे काही बघण्यासारखं नाही."

वर्ग धान्याच्या कोठारामागे होता. अकरा मुली चटईवर बसलेल्या होत्या. शिक्षिका नव्हती, पाट्याही नव्हत्या. दोघी-तिघी तांदूळ निवडत होत्या. कोपऱ्यातल्या ओल्या पोत्यांना बुरशी चढली होती आणि तिचा वास मुलींच्या कपड्यांना लागला होता.

"तुम्ही इथे काय शिकता?" कुमुदिनीने विचारलं.

एका उंच मुलीने सांगितलं, "आम्ही शुक्रवारी आजारी असतो."

"म्हणजे?"

"शुक्रवारी चाचणी असते. तेव्हा आम्ही आजारी असतो. बाई हजेरीत लिहितात."

"खरंच आजारी असता?"

"नाही. तांदूळ निवडतो."

मुलीने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की कुमुदिनीला तिच्याकडे बघवेना. तिने वळून ठोंबरे बाईंकडे पाहिलं. बाई दारातच उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या.

"काय करू मॅडम?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दर सोमवारी पाटीवर नावं येतात. ही नावं मोजणीत ठेवली तर आकडा नऊवर जातो. अनुदान गेलं की जेवण निम्मं होतं, तीनशे पोरींचं. मी या अकरा जणींकडे बघू की तीनशेंकडे?"

"तुम्ही कुणाकडेच बघत नाही आहात, बाई. तुम्ही आकड्याकडे बघताय."

"आणि आकडा कुणी दिला?" बाईंचा आवाज एकदम चढला. "मी बी.एड. केलंय, मॅडम. मला हे शिकवलं नव्हतं. तुमच्या माणसांनी येऊन शिकवलं."

त्याच दुपारी कुमुदिनी इराला घेऊन निघाली. इराने कुठे, का, काही विचारलं नाही. पिशवी भरली आणि गाडीत बसली. घाट उतरताना एका वळणावर गाडीसमोरून कोल्हा गेला. गेल्या वर्षीच्या इराने यावर शंभर प्रश्न विचारले असते. या इराने फक्त मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसली.

*

खर्डेकर जेवत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ताट पुढे केलं. तिने हातानेच नको म्हटलं.

"मी नोंदी पाहिल्या," ती म्हणाली. "आणि कोठारामागचा वर्गही पाहिला."

"हं." ते घास चावत राहिले. "वगळण्याचं प्रमाण थोडं जास्त आहे, मान्य. पुढच्या आवृत्तीत कमी करू."

"थोडं जास्त? साहेब, त्या मुली आहेत."

"मी कुठे नाही म्हणतो? पण बघा, मॅडम, मारहाण नाही, रडारड नाही, कुणाला नापासाचा शिक्का नाही. पालक समाधानी, बाई समाधानी, सरकार समाधानी. दोनशे बारा शाळा. हुशार मुलींचं म्हणाल, तर त्या कुठेही गेल्या तरी निभावून नेतात. चार वर्षं थोड्या थांबल्या तर काय बिघडलं?"

"त्या थांबत नाहीत. विझतात."

"फार मोठे शब्द वापरता." त्यांनी बोटं चाटली आणि रुमालाला पुसली. "तुमचीच प्रणाली आहे. मान्यतेच्या कागदावर तुमचीच सही आहे. पक्ष्यांच्या वेळी तुम्हाला याच शब्दाचं काही वाटलं नव्हतं. 'वगळा' हा शब्दही तुम्हीच ठेवलेला."

हे खरं होतं, म्हणूनच ते ऐकवेना. त्यांच्या ओठाला लागलेला रस्सा, समजूत घालणारा तो आवाज, थंड खोलीत साचलेला मसाल्याचा वास, सगळ्याची तिला किळस आली. पण सर्वांत जास्त आली ती स्वतःच्या सहीची.

"ती सही मी चौकशीत दाखवणार आहे," ती म्हणाली आणि उठली.

*

दिगंबर संध्याकाळी आला तो तापूनच.

"मला न विचारता पोरीला काढलंस?"

"दिगू, ती मुद्दाम चूक उत्तरं द्यायला शिकली आहे."

"मग शिकू दे! माझी पोरगी पास होत होती, दोन वेळा जेवत होती. तूच म्हणालीस घाल, मी घातलं. आता तूच म्हणतेस काढ. आणि तू साहेबांच्या विरुद्ध कागद देणार? मी त्यांच्या शेडवर आहे, त्यांच्या खोलीत राहतो. माझा विचार केलास?"

"केला."

"आणि?"

"तरी देणार आहे."

दिगंबरने बहिणीकडे नवख्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. इरा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तो तिच्याजवळ गेला, डोक्यावर हात ठेवला. "तुला कुठे राहायचंय?"

इराने आधी बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आत्याच्या. दोघांना चालेल असं उत्तर शोधत राहिली. तिला ते सापडेना. शेवटी ती म्हणाली, "मधे कुठंतरी."

दिगंबरचा हात तिच्या डोक्यावरून खाली आला. तो निघून गेला. पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, दीडशे किलोमीटरवरच्या शेडवर. कुमुदिनीची नोकरी तर गेलीच होती. भाऊ फोन करायचा तो फक्त इराशी बोलायला.

*

कुमुदिनीच्या तक्रारीवर सरकारने नेमलेली चौकशी समिती तीन माणसांची होती. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, सभ्य गृहस्थ. त्यांनी कुमुदिनीचं म्हणणं दीड तास ऐकलं. तिने सही दाखवली, नोंदी दाखवल्या, अकरा मुलींची हजेरी दाखवली. तेहतीसचा वर्ग फळ्यावर करून दाखवला.

"आलं लक्षात," अध्यक्ष म्हणाले. "मग तुमच्या मते मर्यादा किती असावी? सहाऐवजी आठ? नऊ?"

कुमुदिनीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "साहेब, मर्यादा नकोच. विचलन मोजा, जरूर मोजा. वर्ग किती पांगलाय हे कळलंच पाहिजे. का पांगलाय ते शोधायला जा, शिक्षक पाठवा. पण त्या आकड्यावर अनुदान ठरवलं, की जो तो मुलींना सोडून आकडाच दुरुस्त करायला बसतो. आणि आकडा दुरुस्त करणं फार सोपं आहे."

"पण काहीतरी निकष हवाच ना," दुसरे सदस्य म्हणाले.

"माणसं तपासायला पाठवा."

"दोनशे बारा शाळांत?" ते हसले.

अहवाल चार महिन्यांनी आला. त्यात कुमुदिनीच्या धैर्याचं कौतुक होतं. शिफारशी दोन होत्या : यापुढे एकही मुलगी चाचणीतून वगळू नये, आणि कोणत्याही मुलीचे धडे अडवू नयेत. कंपनीने दोन्ही अटी त्याच दिवशी मान्य केल्या. सहाची मर्यादा तशीच राहिली.

*

इरा आता गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जात होती. पहिले काही महिने तिला कुणी काही विचारलं, की उत्तराआधी ती दोन सेकंद थांबून विचारणाऱ्याचा चेहरा वाचायची. गुरुजी चांगले होते, त्यांनी एक युक्ती केली. ते प्रश्न विचारून तिच्याकडे पाठ करायचे आणि फळा पुसत राहायचे. चेहरा दिसेनासा झाला, की हळूहळू उत्तर यायचं. कधी बरोबर, कधी चूक, पण तिचं स्वतःचं. कुमुदिनी गावातली गुरं तपासायची, दुपारी इराला घेऊन बसायची. कोल्ह्याबद्दलचा पहिला प्रश्न आला तो सात महिन्यांनी, भाकरी खाता खाता. इराने विचारलं, "घाटातला तो कोल्हा दिवसा का फिरत होता?" कुमुदिनीला उत्तर माहीत नव्हतं, आणि तिला रडू आलं.

त्यानंतरच्या वर्षी मेमध्ये एका रविवारी सकाळी दिगंबर न कळवता आला. दाढी वाढलेली, हातात पेरूंची पिशवी. पिशवी इराकडे दिली, ओसरीवर बसला, पाणी प्यायला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून बहिणीपुढे ठेवला.

"आमच्या शेडवरच्या एकाची मुलगी आंबेकड्याला आहे. तिने आणला. यंदाचा वार्षिक पेपर आहे. वाच."

कुमुदिनीने वाचला. पहिला प्रश्न असा होता : 'गाय पांढऱ्या रंगाची आहे. गायीचा रंग कोणता?' पाचवा असा : 'सात आणि तीन मिळून दहा होतात. तर सात आणि तीन मिळून किती होतात?' असे वीस प्रश्न होते. उत्तरं प्रश्नातच छापलेली.

"निकाल काय लागला?" तिने विचारलं.

"सरासरी शहाण्णव. आणि ते तुझं विचलन, दोन. एकही मुलगी वगळलेली नाही, सगळं नियमात. त्या कोठारातल्या पोरींनासुद्धा नव्वद. वाचता येत नाही त्यांना, खुणा कुठे करायच्या ते बाईंनी दाखवलं. राज्यात पहिला नंबर आलाय शाळेचा. साहेबांचा सत्कार झाला परवा, आम्हा सगळ्यांना टाळ्या वाजवायला नेलं होतं." दिगंबर अंगणात थुंकला. "मी वाजवल्या."

इरा पेरू खात मागून कागदात डोकावत होती. तिने तो आत्याच्या हातातून ओढून घेतला. वाचता वाचता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने कुणाच्याच चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "याच्यात विचारलंय काय? शी! पहिलीतल्या पोरांनासुद्धा असं विचारत नाहीत. घाण आहे ही!" तिने कागद दोन बोटांत धरून बापापुढे टाकला. "शलाकापण हेच सोडवते?"

"हो," दिगंबर म्हणाला.

"तिला फसवतायत ते. सगळ्यांनाच फसवतायत." ती दोघांकडे वळली. "मग तुम्ही दोघं नुसते बसलात काय?"

दिगंबरने मुलीकडे पाहिलं. मग त्याने कागद उचलला, मांडीवर ठेवून हाताने सरळ केला आणि बहिणीकडे वळला.

"ताई, परत अर्ज करणार असशील ना?"

"करणार आहे."

"मग त्यावर माझंही नाव घाल. पालक म्हणून. आणि शेडवर कामाला आहे, तेही लिही."

"दिगू, नोकरी जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. "पेन कुठाय?"